काम सुटले, सोबत सुटू नये



दिवसभराची कामे उरकून तुम्ही इथे आलात. आयाबाया लेकरे कडेवर घेऊन आल्या. बरे वाटले. आज आम्ही जे बोलणार आहोत, ते बायांनी आणि पुरुषांनी एकत्र बसून ऐकावे असेच आहे.

गेल्या महिन्यात आपल्या तालुक्याजवळचा कारखाना बंद झाला. सकाळच्या पाळीची माणसे डबे घेऊन गेली, तो फाटकाला कुलूप. फाटकावर एक कागद. तो कागद तुमच्यापैकी कित्येकांनी स्वतः वाचला. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला असता. वाचता आले, पण वाचलेले गोड नव्हते. आपल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या शेकडो माणसांचे काम एका दिवसात गेले.

पगाराची बाकी, नुकसानभरपाई, प्रॉव्हिडंट फंड यांबद्दल युनियनची माणसे तुमच्याशी बोलत आहेत. ते बोलणे झालेच पाहिजे. पण एका गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही. ती गोष्ट म्हणजे माणसाचे मन. काम गेले की पोटाला चिमटा बसतो, तो सगळ्यांना दिसतो. मनाला चिमटा बसतो, तो दिसत नाही. आणि कधी कधी तोच जास्त खोल असतो.

आम्ही हे नुसते पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्यातले काही जण मुंबईच्या कापड गिरण्यांतले जुने कामगार आहेत. हे दिवस आम्ही काढले आहेत. त्या दिवसांत आमच्या हातून एक चूक झाली. ती आज तुमच्यापुढे सांगायची आहे. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी.

तुमच्यातल्या जुन्या माणसांना मुंबईचे गिरणगाव आठवत असेल. लालबाग, परळ, वरळी, चिंचपोकळी, शिवडी. जिकडे पाहावे तिकडे गिरण्यांच्या उंच चिमण्या. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला चालू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या. कोकणातून, साताऱ्याकडून, सांगली-कोल्हापूरकडून गावेच्या गावे मुंबईला कामाला गेली.

एका लहान खोलीत गावची पंधरा-वीस माणसे राहायची. एवढी माणसे त्या खोलीत मावायची कशी? अहो, पाळ्या तीन होत्या. एक पाळी कामावर, तेव्हा दुसरी झोपलेली. जेवायला खानावळ. खानावळवाली मावशी महिन्याच्या हिशोबाने जेवू घालायची. संध्याकाळी भजन. पगार झाला की गावाला मनिऑर्डर. गणपतीला आणि शिमग्याला एस.टी. भरभरून गावाकडे.

मग १८ जानेवारी १९८२ हा दिवस उजाडला. त्या दिवशी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढारी होते डॉक्टर दत्ता सामंत. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. संपात चूक कोणाची, बरोबर कोणाचे, याचा निवाडा आज आम्ही करत नाही. एवढेच सांगतो की तो संप रीतसर मिटला असे कोणी कधी जाहीर केले नाही. काही गिरण्या पुन्हा उघडल्या. पण लाखभर माणसांना पुन्हा आत जाता आले नाही. पुढच्या वर्षांत एकेक करून गिरण्याच बंद पडल्या. आज तिथे उंच इमारती आणि मोठमोठी दुकाने आहेत.

सुरुवातीला आम्हाला वाटले, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. पहिले काही दिवस सुटीसारखे गेले. गावाकडून तांदूळ आला. जो तो धीर देत होता. मग एकेक जण गावी परतू लागला. खोली रिकामी होत गेली. आणि तेव्हा आमच्या ध्यानात आले की गिरणीने आम्हाला फक्त पगार दिला नव्हता.

गिरणीने आम्हाला वेळ दिली होती. भोंगा झाला की उठायचे, भोंगा झाला की सुटायचे. भोंगा बंद झाला, तेव्हा सकाळ आणि दुपार सारखीच झाली. गिरणीने सोबत दिली होती. शेजारच्या साच्यावरचा माणूस दहा-दहा वर्षे तोच. साच्यांच्या आवाजात बोललेले ऐकू यायचे नाही. ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून एकमेकांचे कळायचे. आणि गिरणीने मान दिला होता. गावात गेलो की लोक म्हणायचे, "मुंबईचा चाकरमानी आला." मनिऑर्डर बंद झाली, तेव्हा ते म्हणणेही बंद झाले.

हे दुःख फक्त आपल्याकडचे नाही. फार लांब, युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे. तिथे व्हिएन्ना शहराजवळ मारिएन्थाल नावाचे एक गाव आहे. ते गावही सूत आणि कापडाच्या गिरणीवर जगत होते. १९२९-३० साली ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारा गाव एकदम बेकार झाला. तेव्हा काही अभ्यासू माणसे त्या गावात गेली. बेकारीने माणसाचे काय होते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि १९३३ साली त्यावर पुस्तक छापले.

त्यांनी काय पाहिले? गावात वाचनालय होते. बेकार माणसांना वेळच वेळ होता. वाचनालयाची वर्गणीही माफ केली होती. तरी पुस्तके नेणारे वाढले नाहीत, उलट कमी झाले. रस्त्याने जाणारे पुरुष सावकाश चालू लागले. मध्येच थांबायचे, उभे राहायचे. कुठे वेळेवर पोहोचायचे उरले नव्हते. बाया मात्र पुरुषांपेक्षा भरभर चालत होत्या. त्यांचे घरचे काम सुटले नव्हते.

बंधूंनो, आपल्या पारावर पाहा. महिनाभरापूर्वी जो माणूस सायकल हाणत पाळीला जायचा, तो आता कसा चालतो ते पाहा. तो आळशी झाला आहे, असे म्हणू नका. त्याच्या पायातली घाई कोणी तरी काढून घेतली आहे.

आता आमची चूक सांगतो.

आमच्या खोलीत एक साचेवाला होता. त्याचे नाव सांगत नाही. त्याची मुलेबाळे आहेत. वयाने आमच्यापेक्षा मोठा. आम्ही त्याला तात्या म्हणायचो. भजनात टाळ वाजवायला तात्या. कोणाचे पत्र आले तर वाचून दाखवायला तात्या. भांडण मिटवायला तात्या. सगळ्यांनी त्याच्या खांद्यावर मान ठेवायची. त्याने कोणाच्या खांद्यावर ठेवायची, हे आमच्या मनात कधी आलेच नाही.

संप लांबला. तात्याच्या डोक्यावर कर्ज होते. मुलीचे लग्न ठरलेले होते, ते पुढे ढकलले. तो रात्री झोपेनासा झाला. आम्ही पाहत होतो. जेवण कमी झाले, तेही पाहत होतो. भजनाला येईनासा झाला. आम्ही म्हणालो, "मन लागत नसेल." एकदा तो म्हणाला, "माझ्यावाचून घरचं काही अडत नाही रे. उलट एक तोंड कमी होईल." आम्ही हसलो आणि म्हणालो, "तात्या, काय वेड्यासारखं बोलता!" आणि विषय बदलला.

मग तो गावी गेला. जाण्याआधी त्याने आपले टाळ एका पोराला देऊन टाकले. कोणाचे दोन रुपये देणे होते, तेही दिले. त्या दिवशी तो शांत दिसत होता. आम्हाला बरे वाटले. आम्ही म्हणालो, "चला, तात्या सावरला."

पंधरा दिवसांनी गावाहून निरोप आला. तात्याने आपल्या हाताने जीव दिला होता.

एका कारणाने माणूस जात नाही. काम गेले म्हणून तो गेला, असे आम्ही म्हणत नाही. लाख माणसांचे काम गेले, त्यातले बहुतेक सगळे जगले. कर्ज, जागरण, लाज, एकटेपणा, सगळे एकावर एक चढत गेले. आणि ते चढताना आम्ही पाहत राहिलो. त्याने आम्हाला सांगितले होते, पण आम्ही ऐकले नाही. चूक झाली ती हीच.

त्या वेळी आम्हाला कळत नव्हते. आज या गोष्टीचे ज्ञान पुष्कळ वाढले आहे. म्हणून ते तुम्हाला सांगतो.

आपल्या देशात २०२२ साली १ लाख ७० हजारांहून जास्त माणसांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतली चारांतली एक व्यक्ती रोजंदारीवर काम करणारी होती. बहुतेक पुरुष होते. पुरुष मनातले बोलत नाहीत. लहानपणापासून त्यांना सांगितलेले असते, रडू नको, तू काय बाई आहेस? त्या शिकवणीची ही किंमत आहे.

लोकांच्या मनात या बाबतीत तीन खोट्या समजुती आहेत. त्या आधी काढून टाकू.

पहिली समजूत. "जो मरायचं बोलतो, तो मरत नाही." हे खोटे आहे. जीव देणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आधी कोणाला तरी, कशाने तरी सुचवतात. तात्याने सुचवले होते. असे बोलणे कानावर आले, तर ते खरे धरून चालायचे.

दुसरी समजूत. "त्याला विचारलं, तर त्याच्या डोक्यात नसलेलं खूळ आपणच घालू." हेही खोटे आहे. विचारल्याने खूळ शिरत नाही. उलट छातीवरचा धोंडा हलतो. मनातली ही गोष्ट कोणाला तरी सांगता येते, याने माणसाला मोकळे वाटते.

तिसरी समजूत. "एकदा ठरवलं की ठरवलं, त्याला कोण अडवणार?" हे तर सर्वांत खोटे. मरणाची इच्छा लाटेसारखी असते. ती चढते आणि उतरते. लाट चढलेली असते, तेवढा वेळ माणसाला धरून ठेवले, तर तो पुष्कळदा जगतो. शेजारच्या श्रीलंका देशात सरकारने फार जहाल शेती-औषधे एकेक करून विक्रीतून काढली. पुढच्या वर्षांत तिथल्या आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या. लोकांची दुःखे काही नाहीशी झाली नव्हती. पण वाईट घडीला हाताशी काही नव्हते. ती घडी टळली आणि माणसे जगली.

आता ओळखायचे कसे, ते ऐका. माणूस बोलत नसला, तरी त्याचे वागणे बोलते. झोप उडते, नाही तर दिवसभर पडून राहतो. जेवण सुटते. दारू वाढते. पारावर यायचे बंद होते. दाढी करत नाही, कपडे बदलत नाही. "मी ओझं झालो," "आता काय राहिलंय," असे बोलतो. जवळच्या वस्तू वाटून टाकतो. देणी-घेणी मिटवतो. निरोप घेतल्यासारखा सगळ्यांना भेटून येतो. आणि फार दिवस खचलेला माणूस एकदम शांत झाला, तर त्याला एकटे सोडू नका. जवळ जाऊन बसा. आम्ही त्या शांतपणाला फसलो.

मग करायचे काय? मोठी विद्या लागत नाही. जायचे, विचारायचे, ऐकायचे आणि एकटे सोडायचे नाही. एवढेच.

जायचे म्हणजे त्याच्या दारात जायचे. "काही लागलं तर सांग हं," असे रस्त्यावर म्हणून पुढे जाऊ नका. बुडणारा माणूस हाक मारत नाही, त्याच्या तोंडात पाणी असते. काहीतरी निमित्त काढा. विळा मागायला जा, बैल बघायला जा. पण जा.

विचारायचे म्हणजे सरळ विचारायचे. आडून आडून नको. असे म्हणा, "दादा, हल्ली तू झोपत नाहीस, कोणात बसत नाहीस. मला तुझी काळजी वाटते. जीव नकोसा झालाय का? मरावंसं वाटतं का?" हे शब्द जड आहेत. पहिल्यांदा घशात अडकतात. तरी उच्चारा. तो "नाही" म्हणाला, तरी तुमचे काही गेले नाही. निदान एवढे त्याला कळेल की हा माणूस ऐकायला तयार आहे.

ऐकायचे म्हणजे मध्ये बोलायचे नाही. आपल्याला उपदेशाची फार सवय. "मर्दासारखा मर्द आणि रडतोस?" असे म्हणू नका. "तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत," असे म्हणू नका. "पोराबाळांचा विचार कर," हेही लगेच नको. तो त्यांचाच विचार करून करून थकलेला असतो. आपल्यामुळे त्यांचे हाल होतात, असेच त्याला वाटत असते. तुम्ही एवढेच म्हणा, "बरं झालं सांगितलंस. मी आहे." मग गप्प बसा. त्याला रडू द्या.

आणि तो जर "हो, वाटतं," असे म्हणाला तर? घाबरू नका. पण त्याला एकटे सोडू नका. घरच्या एखाद्या समजूतदार माणसाला सांगा. "कोणाला सांगू नको" अशी शपथ त्याने घातली, तरी ती शपथ पाळू नका. शपथ मोडली तर तो चार दिवस रागावेल. रागावू द्या. रागावणारा माणूस जिवंत असतो. शेतीची औषधे आणि जिवाला घातक अशा वस्तू घरातून हलवा. त्या शेजाऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. वाईट लाट उतरेपर्यंत पाळीपाळीने त्याच्याजवळ बसा. आपल्याला पाळ्यांची सवय आहेच.

मग त्याला दवाखान्यात न्या. मनाचा आजार हाही आजारच आहे. पाय मोडला तर आपण पायाला दोष देत नाही. मनाचेही तसेच. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनाच्या आजारांवर उपचार होतात. आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात, तरी तिथले डॉक्टर पुढची वाट दाखवतील. झोप परत येते, जेवण परत येते. औषध सुरू केले म्हणजे माणूस वेडा ठरत नाही.

एक नंबर लिहून घ्या. आता तुम्हाला लिहिता येते. वहीत लिहा, भिंतीवर लिहा. १४४१६. पुन्हा सांगतो, १४४१६. ही सरकारची टेली मानस नावाची सेवा आहे. २०२२ साली सुरू झाली. फोन करायला पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्री केव्हाही करता येतो. मराठीत बोलता येते. ज्याला त्रास आहे त्याने करावा, किंवा त्याच्या मित्राने करावा. "मी माझ्या माणसाला कसं सांभाळू?" असेही विचारता येते. पण जिवावरच बेतले असेल, तर वेळ घालवू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा तातडीच्या मदतीसाठी ११२ हा नंबर फिरवा.

काही लोक पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळतात. ही भीती सोडा. २०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला. तो सांगतो की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस फार मोठ्या ताणाखाली होता असे धरावे, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे काम आहे. कायदासुद्धा त्याला गुन्हेगार म्हणून बघत नाही. मग आपण का बघावे?

आता एक जमेची गोष्टही सांगतो.

तात्या गेला, तेव्हापासून आम्ही आपसांत एक नेम केला आहे. कुठे कारखाना बंद पडल्याचे कळले की आम्ही तिथे जातो आणि हेच सांगतो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यात एक कारखाना बंद झाला. तिथे एक वेल्डर होता. त्याच्या हाताखाली एक हेल्पर होता, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. वेल्डर सभेला आला नाही, पण पोरगा आला होता. सभा संपल्यावर तो तडक वेल्डरच्या घरी गेला.

घरात वहिनी म्हणाली, "भावजी, ते मागच्या पडवीत पडलेत. चार दिवस कोणाशी बोलले नाहीत."

पोरगा पडवीत गेला आणि खाली बसला. किती तरी वेळ दोघेही गप्प. मग पोरगा म्हणाला, "उस्ताद, तुम्ही मला काम शिकवलंत. आज मी तुम्हाला एक विचारतो. रागवू नका. मरावंसं वाटतं का?"

वेल्डरने त्याच्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला भीती वाटली."

तेव्हा तो माणूस बोलू लागला. त्या रात्री तो बोलतच राहिला. पोरगा घरी गेला नाही. सकाळी वहिनीला सांगून त्याने मेव्हण्याला बोलावून घेतले. तिघे मिळून जिल्ह्याच्या रुग्णालयात गेले. औषध चालू झाले. दोन-तीन आठवडे घरच्यांनी आणि जोडीदारांनी त्याला एकटे ठेवले नाही. पुढे सावकाश तो सावरला. आज त्याचे खिडक्या-फाटके बनवायचे लहानसे दुकान आहे. सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. पैसे पहिल्याइतके मिळत नाहीत. मधूनच त्याची झोप उडते. पण झोप उडाली की तो पोराला फोन करतो. एवढे त्याला जमते, आणि एवढ्यावर तो जगतो आहे.

तो पोरगा डॉक्टर नव्हता. त्याने दोनच गोष्टी केल्या. विचारले आणि बसला.

आता आपल्या गावचे बोलू. आज इथून उठण्याआधी एक काम करा. ज्यांचे काम गेले, त्या सगळ्यांची नावे एका वहीत लिहा. पाळीप्रमाणे लिहा, म्हणजे कोणी सुटणार नाही. कंत्राटी मजूर, झाडूवाल्या बाया, रात्रीचा राखणदार, यांनाही विसरू नका. युनियनच्या यादीत बहुतेक हीच नावे नसतात. मग दोघा-दोघांची जोडी करा. जोडीदाराने जोडीदाराला एक दिवसाआड भेटायचे. जो सभेला आला नाही, त्याच्या घरी आजच जायचे. जो सगळ्यांना धीर देतो, त्यालाही जोडीदार द्या. त्याला कोणी विचारत नाही.

आठवड्यातून एक दिवस, एक वेळ ठरवा आणि सगळे जमा. भोंगा बंद झाला, तर आपला भोंगा आपण वाजवू. एकत्र बसून बाकीच्या पगाराचे आणि भरपाईचे अर्ज लिहा. कायद्याने कामगार कपात झाली, तर नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई सांगितली आहे. ती मिळते का, प्रॉव्हिडंट फंड कुठे अडला, ग्रॅच्युइटी कोणाला लागू आहे, हे मिळून विचारा. एकट्या माणसाला कचेरीतून हाकलतात, दहा जण गेले तर खुर्ची देतात. सावकाराकडे एकट्याने जाऊ नका. जोडीदाराला घेऊन जा. कर्जाचा आकडा दुसऱ्याला सांगितला की तो निम्मा हलका होतो.

ज्यांचे काम टिकले, त्यांना एक शब्द. शेजारच्या कारखान्यात तुमचे काम चालू आहे, किंवा मालकाने मोजकी माणसे ठेवली, त्यांत तुम्ही आहात. तुम्हाला जुन्या सोबत्यांकडे बघायची लाज वाटते. म्हणून तुम्ही दुसऱ्या वाटेने घरी जाता. त्याला वाटते, आपले काम गेले म्हणून हा ओळख विसरला. असे करू नका. त्याच्याच दारावरून जा. एक चहा त्याच्याबरोबर प्या.

भगिनींनो, घरात काय चालले आहे, हे आधी तुम्हाला कळते. "घरातलं बाहेर कशाला?" असे म्हणून मनात ठेवू नका. त्याच्या जोडीदाराला सांगा. आणि तुम्ही स्वतः खचला असाल, तर तेही सांगा. काम पुरुषाचे सुटले तरी चूल पेटवायची चिंता बाईचीच असते. तुमच्यातल्या किती जणी स्वतः त्या कारखान्यात होत्या. तुमचीही नावे वहीत आली पाहिजेत.

शेवटी एक बोलणे फक्त एका माणसासाठी आहे. तो या मंडपात कुठे तरी बसला असेल. कदाचित खांबाच्या मागे. दादा, ताई, आम्ही तुला ओळखत नाही. पण तुझ्या मनात जर मरणाचे विचार येत असतील, तर ऐक. तू वाईट नाहीस. तू भित्रा नाहीस. तू फार थकला आहेस. आज रात्री एका माणसाला सांग. "मला बरं वाटत नाही, माझ्याजवळ बस," एवढे सांगितलेस तरी पुरे. कोणी सापडले नाही, तर १४४१६ वर फोन कर. नाही तर आमच्याकडे ये. आम्ही आज रात्री इथे देवळातच मुक्कामाला आहोत. दिवा चालू ठेवतो. कितीही वाजता ये.

तात्याचे टाळ ज्या पोराला मिळाले होते, तो आज साठीचा आहे. आमच्याबरोबरच आला आहे. टाळही आणले आहेत. आता थोडे भजन करू. मग वही काढू आणि नावे लिहायला बसू. ज्यांचे अक्षर चांगले आहे, त्यांनी पुढे यावे.

रामराम.